डिस्कची तेरीज

हार्ड डिस्कवर कोणत्या फोल्डरने किती जागा धरली आहे, हे सांगणारी ‘डीयू’ नावाची एक आज्ञा युनिक्स घराण्यातल्या प्रत्येक संगणकात असते. १९७१ साली युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली तेव्हाही ती त्यात होती. आज ती लिनक्सवर आहे, मॅकवर आहे, अँड्रॉइड फोनच्या पोटातही आहे. चालवली की पडद्यावर ओळी ओघळू लागतात. डावीकडे आकडा, मग थोडी मोकळी जागा, मग फोल्डरचं नाव. आकड्यात स्वल्पविराम नाही, आकड्यामागे माप नाही, ओळींना लहानमोठेपणाचा क्रम नाही. समजा ४८२३४४९६० असा आकडा समोर आला, तर तो कोटींत आहे की लाखांत हे कळायलाही अंकांवर बोट ठेवून मोजावं लागतं. मोजून अठ्ठेचाळीस कोटी निघाले तरी अठ्ठेचाळीस कोटी काय, हे ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून ही आज्ञा वापरणारे लोक इतकी वर्षं एक काम पुन्हा पुन्हा करत आले आहेत. पाच-दहा ओळींची शेल स्क्रिप्ट लिहायची, डीयूचं उत्तर तिच्यातून गाळून घ्यायचं आणि मोठं आधी, धाकटं नंतर, माप शेजारी, अशी नीट यादी काढायची. पुष्कळांना ही सजावट वाटते. खरं काम डीयूने केलं, स्क्रिप्टने फक्त नीटनेटकं केलं, असं ते समजतात. मला हे पटत नाही. मोजणी झाल्यानंतर आणि निर्णय घेण्याआधी हिशेबाचा जो एक टप्पा असतो, तो या दहा ओळींत पार पडतो. त्या टप्प्यावर काय ठेवायचं, काय गाळायचं आणि कोणत्या मापाने बोलायचं हे ठरतं. म्हणून ज्याला पुढे निर्णय घ्यायचा आहे त्यानेच त्या ओळी लिहाव्यात, निदान एकेक ओळ वाचून समजून घ्यावी.

हिशेबाची ही पायरी मराठीला नवी नाही. जमाखर्चात आधी कीर्द असते. दिवसभरात जे जसं घडलं ते त्याच क्रमाने तिच्यात उतरवलेलं असतं. कीर्दीवरून खतावणी होते, तेव्हा तीच रक्कम ज्याच्या त्याच्या नावाखाली जाते. आणि शेवटी तेरीज निघते, म्हणजे गोषवारा, पाहणाऱ्याला एका नजरेत स्थिती कळावी म्हणून. तिन्ही कागदांत पैसा तोच असतो, पैचाही फरक पडत नाही. तरी कोणताही व्यापारी कीर्दीची पानं चाळून पुढच्या हंगामाचा माल ठरवत नाही. महसुलाच्या कामात तर हा भेद आजही रोजच्या वापरात आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याची जमीन चार गटांत विखुरलेली असेल तर त्याचे चार सातबारे निघतात, कारण सातबारा गटाचा असतो. नमुना सातमध्ये हक्क, नमुना बारामध्ये पिकं. पण कर्जाच्या वेळी विचारलं जातं ते ‘या माणसाच्या नावावर एकूण किती?’, आणि त्यासाठी आठ-अ काढावा लागतो, कारण तो खातेदाराचा असतो. जमीन एक गुंठाही हललेली नसते. मांडणी बदलली आणि सातबाऱ्याला जो प्रश्न विचारताच येत नव्हता तो विचारता आला. डीयूचं मूळ उत्तर कीर्दीच्या जातीचं आहे. ते ज्या वाटेने फोल्डरांत शिरतं त्याच वाटेने ओळी टाकत जातं. आधी आतलं पोर, मग त्याचा बाप, कारण पोरांची बेरीज झाल्याशिवाय बापाचा आकडा सांगता येत नाही. त्यामुळे एकूण बेरजेची ओळ अगदी शेवटी येते आणि वरच्या शेकडो ओळी वाहून गेल्यावर हाती लागते. हा क्रम मोजणाऱ्याच्या सोयीचा आहे आणि त्यात चूक काही नाही. वाचणाऱ्याची सोय वेगळी असते, आणि ती कोणाला तरी करावी लागते.

ती कशी करायची हे प्रश्नावरून ठरतं, आणि खानदेशात याचे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. शेतकरी कापूस क्विंटलवर विकतो. तोच कापूस जिनिंगमधून रुई होऊन निघाला की भाव खंडीवर बोलला जातो, आणि रुईची खंडी म्हणजे ३५६ किलो. प्रेसमधून गाठ बांधून निघते ती १७० किलोची. माल एकाच आवारातून फिरतो आणि तीन मापं बदलतो, कारण विकणारा, भाव करणारा आणि गाडी भरणारा यांचे प्रश्न तीन आहेत. गाडी भरणाऱ्याला खंडीचा उपयोग नाही. त्याला गाठी किती बसतील ते हवं. पाण्याचंही असंच. गिरणा धरणातला साठा पाटबंधारे खात्याच्या कागदावर दशलक्ष घनफुटांत असतो, वर्तमानपत्र तो टक्क्यांत छापतं, आणि भडगाव-पाचोऱ्याकडचा शेतकरी विचारतो, यंदा रब्बीला आवर्तनं किती मिळणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या आकड्यातूनच निघतं, पण ते काढून द्यावं लागतं. पिण्याच्या पाण्याचं आरक्षण वजा करायचं, बाष्पीभवन धरायचं, एका आवर्तनाला किती लागतं त्याने भागायचं. तेवढं केल्याशिवाय घनफुटांचा आकडा कितीही अचूक असला तरी पेरणीचा निर्णय त्यावर होत नाही. आता धुळ्यात किंवा जळगावात लग्नांचं चित्रीकरण करणाऱ्यांचा, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढणाऱ्यांचा विचार करा. त्यांच्या डिस्का सतत भरत असतात आणि त्यांचा प्रश्न किलोबाइटचा कधीच नसतो. येत्या लग्नसराईत अजून किती लग्नं यात मावतील, हा त्यांचा प्रश्न. डीयू प्रत्येक लग्नाच्या फोल्डरचा आकडा देतं, तिची बहीण ‘डीएफ’ मोकळी जागा सांगते. एकाची सरासरी काढून दुसऱ्याला तिने भागलं की ‘अजून नऊ लग्नं’ असं उत्तर मिळतं. हा भागाकार कोणत्याही तयार आज्ञेत नाही, कारण आज्ञा लिहिणाऱ्याला लग्न हे माप ठाऊक नव्हतं. ते धंद्यातल्या माणसालाच ठाऊक असतं.

प्रत्यक्ष स्क्रिप्ट किती साधी असते ते सांगायला हवं. तिच्यात चार-पाच आज्ञा एकामागे एक जोडलेल्या असतात. एकीचं उत्तर दुसरीच्या तोंडात जातं, आणि मधल्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. ही कल्पना डग मॅकइलरॉय यांनी लावून धरली आणि केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये आणली. पहिल्या आज्ञेत डीयूला सांगायचं की किलोबाइटमध्येच मोज आणि एक पातळी खाली जाऊन थांब. मग ‘सॉर्ट’ आकड्यांना उतरत्या क्रमाने लावतं. मग ‘हेड’ वरच्या वीस ओळी ठेवून बाकीच्या सोडून देतं. शेवटी ‘ऑक’. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन १९७७ साली ही छोटी भाषा झाली. प्रत्येक आकड्याला १०४८५७६ ने भागणं, एक दशांश ठेवणं आणि शेजारी ‘जीबी’ लिहिणं हे तिचं काम. मघाचे अठ्ठेचाळीस कोटी आता ४६०.० जीबी म्हणून उभे राहतात. एवढंच आहे, पण या एवढ्याशा रचनेत क्रमाला फार महत्त्व आहे, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. डीयूलाच ‘माणसाला वाचता येईल असं दे’ असं सांगण्याची सोय आहे. ती वापरली की आकडे ९.५जी, ८००एम, १२के असे छोटे होऊन येतात. दिसायला छान. पण आता ते सॉर्टला दिले तर साधं सॉर्ट मागचं अक्षर पाहत नाही, ८०० हे ९.५ पेक्षा मोठं म्हणून वर बसवतं, आणि साडेनऊ जीबीचा फोल्डर आठशे एमबीच्या खाली जातो. लिनक्सवर चालणाऱ्या ग्नू संचातल्या सॉर्टला ही अक्षरं ओळखण्याची सोय मिळायला २००९ साल उजाडावं लागलं. त्याआधी ज्यांनी आधी रूप दिलं आणि मग क्रम लावला, त्यांच्या याद्या दिसायला सुबक आणि आतून चुकीच्या होत्या. म्हणून मोजणं कच्च्या आकड्यांत, क्रम कच्च्या आकड्यांवर, बेरीज कच्च्या आकड्यांची, आणि रूप सगळ्यांत शेवटी. हिशेबनीस पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. आणे-पै कीर्दीतच ठोकळ करून टाकणारा कारकून कुठल्याही पेढीवर टिकला नसता.

ठोकळ आकड्यांवरून एक रास्त आक्षेप निघतो. रूप देणं म्हणजे काही तरी लपवणं नव्हे का? ४६०.० असं लिहिलं की शेवटचे अंक गेले; वीस ओळी ठेवल्या की एकविसावी गेली. कच्चा आकडा निदान सगळं सांगतो. आक्षेप खरा आहे, आणि त्याला मी कच्चा आकडा दाखवून उत्तर देणार नाही. उत्तर असं आहे की लपवणं टळत नाहीच, प्रश्न फक्त ते कोणी आणि कुठे केलं हे दिसतं की नाही हा आहे. तयार सोय वापरली तरी गाळणी होतेच. ग्नूचं डीयू वाचनीय रूप देताना आकडा नेहमी वरच्या बाजूला ठोकळ करतं, जवळच्या बाजूला करत नाही. एकेक फोल्डर १.०१ जीबीचा असेल तर तो १.१ दिसतो. असे पाच फोल्डर पाहणारा माणूस मनात साडेपाच धरतो आणि एकूणच्या ओळीत ५.१ दिसल्यावर गोंधळतो. गेले कुठे चाळीस शतांश? कुठेच गेले नाहीत, ते नव्हतेच. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये ठोकळ करण्याची रीत एका ओळीत समोर लिहिलेली असते. वाटलं तर बदलता येते, वाटलं तर वाचून खात्री करता येते. गाळलेल्या ओळींचंही तसंच. वीस ओळींनंतर ‘बाकी सर्व मिळून इतके’ अशी एक ओळ घातली की पानाची बेरीज जुळते आणि काही गाळलं आहे हेही वाचणाऱ्याला कळतं. चांगल्या तेरजेत ‘किरकोळ’ हे खातं असतं ते याचसाठी.

मापाचा घोळ याहून जुना आहे. डीयूच्या आकड्यामागे माप नसतं हे वर म्हटलंच. त्यात भर अशी, की ते माप सगळीकडे एक नाही. मुळात युनिक्समध्ये ५१२ बाइटचा एक ठोकळा धरून मोजत. प्रमाणकात अजून तेच आहे आणि मॅकवर अजून तेच चालतं. लिनक्सवरच्या ग्नू डीयूने मात्र १०२४ चा ठोकळा घेतला. त्यामुळे एकच फोल्डर मॅकवर मोजला तर आकडा सुमारे दुप्पट येतो. फोल्डर तोच, आज्ञा तीच, नाव तेच. पुढे दुकानातली कथा. एक टीबीची डिस्क म्हणून जी विकली जाते तिच्यात एक लाख कोटी बाइट असतात, हजाराच्या पटीत मोजलेले. पुष्कळ संगणक १०२४ च्या पटीने मोजतात आणि ९३१ जीबी दाखवतात. गिऱ्हाइकाला वाटतं एकोणसत्तर जीबी कोणी खाल्ले. कोणीच खाल्ले नाहीत. एक शब्द दोन मापांवर बसला आहे. ज्या जळगावला लोक सुवर्णनगरी म्हणतात तिथे हे समजावून सांगायला उदाहरण हाताशी आहे. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आजच्या पेढीवर तोळा म्हटलं की दहा ग्रॅम. आजीच्या पाटल्या ‘चार तोळ्यांच्या’ असतील आणि त्या जुन्या मापाने केलेल्या असतील, तर आज काट्यावर ४६ ग्रॅमहून अधिक भरतील. नव्या चार तोळ्यांचे चाळीस. डिस्कच्या बाबतीत फरक सात टक्क्यांचा, तोळ्यात चौदा टक्क्यांचा. तरी सोन्याच्या व्यवहारात फसगत टळते, कारण पावतीवर ग्रॅम लिहिलेले असतात. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले, तेव्हा सोळा आण्यांच्या सवयीवर दशमान बसवताना एका आण्याला सव्वासहा नवे पैसे पडत होते. चार आण्यांचे पंचवीस बरोबर होत, एका आण्याचे होत नसत. नाण्यावर ‘नये पैसे’ असं लिहिलेलं होतं म्हणून ते स्थित्यंतर निभावलं. संगणकाच्या जगानेही १९९८ मध्ये १०२४ च्या पटीसाठी गिबिबाइट असं वेगळं नाव ठरवलं, पण ते बोलण्यात आलं नाही. नाव रुजो न रुजो, यादीच्या माथ्यावर ‘१ जीबी = १,०७,३७,४१,८२४ बाइट’ एवढी ओळ छापणं स्क्रिप्टमध्ये एका आज्ञेचं काम आहे. भारतीय पद्धतीने स्वल्पविराम घालणं त्याहून थोडं अधिक काम, पण करण्याजोगं. आधी तीन अंक आणि मग दोन-दोन, म्हणजे लाख आणि कोटी डोळ्याला आपोआप दिसतात.

किती खोल जाऊन थांबायचं, हा निर्णय मला सगळ्यांत अवघड वाटतो, कारण इथे आकडे खरे असूनही चित्र चुकतं. जुना खानदेश एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, आज ते जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जातात. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. जळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत, धुळ्यात चार: धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. आता क्षेत्रफळाची यादी जिल्हानिहाय केली तर जळगाव वर, धुळे खाली. तालुकानिहाय केली तर उलट घडतं. धुळ्याचा सरासरी तालुका जळगावच्या सरासरी तालुक्याच्या दुपटीहून मोठा पडतो, म्हणून धुळ्याची नावं वर चढतात आणि जळगावचे पंधरा तुकडे खाली पसरतात. दोन्ही याद्यांत एकही आकडा खोटा नाही. डिस्कवर हेच होतं. एकाने सगळं चित्रीकरण चार मोठ्या फोल्डरांत ठेवलं, दुसऱ्याने तेवढंच किंवा जास्त पंधरा फोल्डरांत वाटलं, तर दुसऱ्या पातळीवरच्या यादीत पहिलाच उधळ्या दिसतो. कार्यालयात अशी यादी भिंतीवर लागली आणि जागा रिकामी करायला कोणाला सांगायचं ते तिच्यावरून ठरलं, तर अन्याय होतो. तालुक्यांच्या नावांत शिरण्याआधी एकदा जिल्हा पाहावा, आणि जिल्हा पाहून झाल्यावर जिथे संशय येईल तिथेच खाली उतरावं. स्क्रिप्टमध्ये हा एक अंक असतो, एक किंवा दोन. तो अंक बदलून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय कोणाच्या फोल्डरला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

इथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आता चित्ररूपाने दाखवणारी साधनं आहेत. ‘बाओबाब’ रंगीत वर्तुळं काढून दाखवतं, ‘एनसीडीयू’ टर्मिनलमध्येच बाणांच्या कळांनी फिरू देतं. ही साधनं चांगली आहेत, आणि आत्ताच्या आत्ता कुठे काय तुंबलं आहे हे शोधायचं असेल तर मी तीच सुचवीन. पण त्यांचा भर पाहण्यावर असतो, नोंदीवर नसतो. वर्तुळ मिटलं की संपलं. स्क्रिप्टचं उत्तर ही साधी मजकुराची फाइल असते. ती तारखेच्या नावाने ठेवता येते, महिनाअखेरीला कागदावर काढता येते, आणि गेल्या महिन्याच्या यादीशी ताडून पाहता येते. डिस्क किती भरली याहून ती कशाने आणि किती वेगाने भरते आहे हा प्रश्न जास्त उपयोगाचा, आणि त्याचं उत्तर एका चित्रात नसतं, दोन कागदांच्या वजाबाकीत असतं. दुसरा आक्षेप स्वस्ताईचा. डिस्क स्वस्त झाल्या, भरली तर नवी घ्या. पण जागा वाढली की बॅकअपही तेवढाच वाढतो, म्हणजे खर्च दोनदा. आणि काय आहे हे माहीत नसलेला माणूस नवी डिस्क आणूनही जुनी रिकामी करू शकत नाही. त्याला काहीच टाकायचं धाडस होत नाही, किंवा एक दिवस घाईत तो नको ते टाकतो. तिसरा आक्षेप आजचा आहे: अशी स्क्रिप्ट हल्ली यंत्रच लिहून देतं. देऊ दे. पण लग्न हे माप, वीस ओळींची मर्यादा, एक की दोन पातळ्या, ठोकळ कोणत्या बाजूला, हे त्याला कोणी तरी सांगावंच लागतं, आणि न सांगितलं तर ते स्वतःच ठरवतं. दहा ओळी वाचून काढायला दहा मिनिटं लागतात. १९८६ साली डोनाल्ड क्नूथ यांनी एका मासिकाच्या सदरासाठी, मजकुरातले सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द शोधणारा प्रोग्रॅम मोठ्या कौशल्याने लिहिला. तो कित्येक पानांचा झाला. त्याचं परीक्षण करताना मॅकइलरॉय यांनी तेच काम पाइपने जोडलेल्या सहा आज्ञांत करून दाखवलं. क्नूथ यांच्या कारागिरीबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही धुळ्यातल्या एखाद्या छापखान्यातल्या माणसाला त्या सहा आज्ञा एका बैठकीत समजून घेता येतात आणि आपल्या कामापुरत्या बदलता येतात.

काही गोष्टी मात्र स्क्रिप्टच्या हातात नाहीत आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. डीयू फाइलची लांबी मोजत नाही, तिने अडवलेली जागा मोजतं. बहुतेक डिस्कांवर ठोकळा ४०९६ बाइटचा असतो. त्यामुळे चार अक्षरांची चिठ्ठीही पूर्ण ठोकळा धरून बसते, जशी गोदामात अर्धी भरलेली गोणीही पुऱ्या गोणीची जागा घेते. हजारो बारीक फाइली असतील तर हा फरक मोठा होतो. आणखी चमत्कारिक प्रकार म्हणजे डीयू आणि डीएफ यांचा मेळ न बसणं. एखादी मोठी फाइल पुसली, पण कुठला तरी प्रोग्रॅम ती अजून उघडी धरून आहे, तर नाव जातं आणि जागा सुटत नाही. डीयू नावावरून फिरतं, म्हणून त्याला ती दिसत नाही. डीएफ जागा पाहतं, म्हणून त्याला ती भरलेली दिसते. फेरफार नोंदवहीत नाव कमी झालं पण शेतावरचा ताबा सुटला नाही, अशी ती स्थिती. चांगल्या स्क्रिप्टने हे दोन्ही आकडे पानाच्या तळाशी शेजारी छापावेत. जुळत नसतील तर ते दिसायला हवं. दिसलं की शोध सुरू होतो.

देवनागरीचा प्रश्न आपला स्वतःचा आहे आणि जगाच्या स्क्रिप्टांत त्याला उत्तर मिळत नाही. फोल्डरला ‘जळगाव’ नाव दिलं की डोळ्याला चार अक्षरं दिसतात. संगणकाच्या लेखी ती काना धरून पाच चिन्हं आणि पंधरा बाइट. ‘धुळे’ ही दोन अक्षरं, चार चिन्हं, बारा बाइट. स्तंभ जुळवणारी आज्ञा जर बाइट मोजत असेल तर नावाच्या पुढे येणारा आकडा कुठेही भटकतो, आणि चिन्हं मोजणारी असेल तरी काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या धरून ती चुकतेच. म्हणून मराठी नावांच्या यादीत आकडा डावीकडे आणि नाव शेवटी ठेवावं. मूळ डीयूने नेमकं तेच केलेलं आहे, आणि सुबकपणाच्या नादात ते उलटं करणारे पुढे पस्तावतात. आकडेच देवनागरी हवे असतील तर ‘सेड’ एका ओळीत 1 चा १ करून देतं. ग्नूचं ‘टीआर’ वापरू नये, ते बाइटवर चालतं आणि अक्षरांचा चुरा करतं. हे बारीक वाटेल, पण मराठीत नावं देऊन ठेवलेल्या संग्रहांची यादी मराठीत नीट वाचता यावी, एवढी अपेक्षा मोठी नाही. असे संग्रह वाढत जाणार आहेत. जुन्या कागदाच्या ए-फोर आकाराच्या एका पानाची रंगीत प्रतिमा ३०० डीपीआयने, न दाबता ठेवली तर सुमारे २६ एमबी होते. हजार पानांचा एक रुमाल, म्हणजे कागदांचं बांधलेलं गाठोडं, २६ जीबीचा.

आणि कागदांचा विषय धुळ्याशी येऊन थांबतो. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच आहे. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढणाऱ्या या माणसाची हयात मोडीतल्या सुट्या कागदांना क्रम लावण्यात गेली. पेशवाईतल्या किती तरी पत्रांवर चंद्र, म्हणजे तारीख, आणि महिना असतो आणि साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते तेव्हा माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही. ते साल ठरवण्यासाठी अभ्यासकांना मजकुरातली माणसं, मोहिमा आणि तिथी-वारांचा मेळ घालत बसावं लागतं, आणि तरी वाद उरतात. आपण आज काढलेल्या यादीचंही हेच होतं. ‘लग्ने ४६०’ एवढंच छापलेलं पान दोन वर्षांनी कपाटातून निघालं तर ते कोणत्या डिस्कचं, कोणत्या दिवशीचं आणि ४६० कसले, हे सांगणारं कोणी नसतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘डेट’ ही आज्ञा घाला, दुसरीत संगणकाचं आणि डिस्कचं नाव, तिसरीत माप. या महिनाअखेरीला एकदा ती चालवा, निघालेला कागद फाइलला लावा, आणि पुढच्या महिन्याचा कागद त्याच्यावर लावताना दोन्ही शेजारी धरून वाचा.